सागरी महामार्ग : रेवस ते रेड्डी
खाडी ओलांडेल त्याचाच बाजार



नाशिक जिल्ह्यात बसून समुद्रकाठच्या रस्त्याचा अभ्यास कशासाठी करावयाचा, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. आपल्याकडे ना समुद्र, ना बंदर. पण मालेगावच्या यंत्रमागावरची लुंगी आणि साडी, लासलगाव-पिंपळगावचा कांदा, नाशकातील भांडी, बेदाणा, तयार कपडे आणि लोखंडी फर्निचर यांना गिऱ्हाईक हवे असते. कोकण किनाऱ्यावर वस्ती दाट आहे, दर्यावर आणि परदेशी नोकरीवर मिळवलेला पैसा तेथे येतो, लग्नसराई आणि सणासुदीला खरेदी मोठी होते. तरीही तेथील दुकानदाराचा माल आजवर प्रामुख्याने मुंबई आणि कोल्हापूर या दोन दिशांनी येत आला. आपण त्या बाजारात थेट उतरावे की नाही, हे ठरवण्यापूर्वी तेथील रस्ता समजून घेतला पाहिजे. आजच्या पाठात आम्ही त्या रस्त्याचा मार्ग, त्याचा इतिहास आणि त्यावरून करावयाचा धंद्याचा हिशेब अशा तीन गोष्टी घेत आहोत.

सुरुवातीलाच एक सूत्र सांगून ठेवतो. सागरी रस्ता किलोमीटरवर मोजायचा नसतो, तो खाड्यांवर मोजायचा असतो. पुढील सारा मजकूर याच सूत्राभोवती आहे.

मार्ग कसा आहे?

रायगड जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील रेवस येथून निघून सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले तालुक्यातील रेड्डी येथे संपणारा, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा हा रस्ता प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४ म्हणून ओळखला जातो. लांबी सुमारे ५०० किलोमीटर. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे तीन जिल्हे त्यावर येतात. नकाशा पुढे घेऊन बसावे आणि पुढील टप्पे बोटाने गिरवावेत.

पहिला टप्पा रायगडचा. रेवसच्या उत्तरेस धरमतरची खाडी आहे, तिच्या पलीकडे उरणचे करंजा. रेवसहून मांडवा बाजूला ठेवून रस्ता अलिबागला येतो. पुढे चौल आणि रेवदंडा. येथे कुंडलिका नदीची खाडी आडवी येते, ती ओलांडली की साळाव. मग काशीद, नांदगाव, मुरूड आणि आगरदांडा. आगरदांड्यापुढे राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी. दिघीहून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडला. येथे सावित्री नदी समुद्राला मिळते आणि रायगड जिल्हा संपतो.

दुसरा टप्पा रत्नागिरीचा. सावित्रीच्या पलीकडे बाणकोट आणि वेसवी. तेथून वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै असे करीत रस्ता दाभोळला येतो. दाभोळला वाशिष्ठीची रुंद खाडी, पलीकडे धोपावे. मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी आणि तवसाळ. तवसाळपुढे शास्त्री नदीची खाडी, पलीकडे जयगड. जयगडहून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी शहर. शहराच्या दक्षिणेस भाट्ये पूल ओलांडला की पावस, पूर्णगड आणि पुढे जैतापूर.

तिसरा टप्पा सिंधुदुर्गचा. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा आणि शेवटी रेड्डी. रेड्डीच्या पुढे तेरेखोल आणि गोव्याची हद्द.

आता मागे वळून पाहावे. गावांची नावे घेताना किती वेळा ‘खाडी’ आणि ‘पलीकडे’ हे शब्द आले? धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. लहान खाड्या तर याहून कितीतरी. हा रस्ता एकसंध नाही. खाड्यांनी तोडलेले तुकडे एकापुढे एक मांडले आहेत, इतकेच. काही तुकडे पुलांनी जोडले गेले, काही फेरीबोटीने जोडलेले राहिले, तर काही ठिकाणी मोठा वळसा घालण्यावाचून इलाज राहिला नाही.

एकच कोकण, दोन रस्ते

मुंबई-गोवा महामार्ग सर्वांना ठाऊक आहे. त्याचा पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६. पेण, नागोठणे, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशी त्याची गावे. हा रस्ता समुद्रापासून इतका आत का गेला, याचे कारण समजून घेतले म्हणजे अर्धा पाठ झाला.

सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्या अरुंद असतात आणि समुद्राजवळ येता येता त्यांच्या रुंद खाड्या होतात. भरतीचे पाणी खाडीत जेथवर आत चढते, तेथवर पूर्वी गलबते येत. तेथे माल उतरे, बैलांच्या पाठीवर चढे आणि घाटाने देशावर जाई. पेण, नागोठणे, महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर या पेठा अशा खाडीच्या टोकाशी, म्हणजे गलबत जेथे थांबते आणि बैल जेथे सुरू होतो, तेथे वाढल्या. त्याच जागी नदी अरुंद असल्याने पूल बांधणेही सोपे. म्हणून मोटारीचा मोठा रस्ता या पेठा ओवीत गेला.

सागरी महामार्गाचे नेमके उलट आहे. तो खाडीला तिच्या मुखाशी गाठतो. तेथे पात्र सर्वात रुंद, भरती-ओहोटीचा जोर सर्वात अधिक, तळाशी गाळ, वर खारे वारे लोखंडाला खाणारे, शिवाय मचवे-बोटी खालून जाव्यात इतकी पुलाची उंची ठेवावी लागते. तेव्हा आतल्या रस्त्यावरील दहा पुलांचा खर्च येथील एका पुलाला लागला तर नवल नाही. सागरी रस्ता मागे पडण्यात सरकारी दिरंगाईचा वाटा आहे खरा, पण निसर्गाने घातलेली अडचणही तेवढीच खरी आहे.

पुलावर सारा रस्ता कसा अवलंबून असतो, हे आतल्या महामार्गानेही एकदा दाखवून दिले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्या माणसांसह वाहून गेल्या. मुंबई-गोवा वाहतुकीचा एक मोठा दुवा क्षणात तुटला. शेजारी नवा पूल बांधून जून २०१७ मध्ये खुला करण्यात आला.

नाशिकच्या दगडावरचा दाखला

किनाऱ्यावरील रस्ता म्हणजे नद्यांचे उतार, ही गोष्ट आजची नाही. तिचा एक अतिशय जुना लेखी पुरावा समुद्रकाठी नव्हे, आपल्या नाशकात आहे. मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगरात जी पांडवलेणी आहेत, त्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. दानधर्माच्या यादीत तो दोन गोष्टी सांगतो, त्या आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, त्याने भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपुर म्हणजे मंदसोर, गोवर्धन म्हणजे आपला नाशिक परिसर, आणि शूर्पारक म्हणजे सोपारा, अशा चार ठिकाणी वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. दुसरी, इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर नावांची सोय करून लोकांना फुकट तर चालू करून दिली. तर म्हणजे नावेने नदी उतरण्याची व्यवस्था. एवढ्यावर न थांबता त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर बसण्याच्या जागा व पाणपोया केल्या.

ही नावे नकाशावर शोधावीत. दाहनुका ही डहाणूची खाडी, दमणा म्हणजे दमणगंगा, पारदा म्हणजे पारडीजवळची पार नदी, आणि तापी तर प्रसिद्धच आहे. म्हणजे ही यादी सोपाऱ्याहून भडोचला जाणाऱ्या किनारी वाटेवरील उतारांची आहे. आणखी एक मौज अशी की, दमणगंगा आणि पार या दोन्ही नद्या आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरात उगम पावतात. नाशिकहून पेठमार्गे कापराडा-पारडीकडे जाणारा रस्ता धरला तर आजही आपण त्याच किनारी वाटेला जाऊन मिळतो.

त्या राजपुरुषाने लेखात रस्ता बांधल्याचे म्हटलेले नाही. त्याने उतार बांधून दिला, काठावर पाणी आणि सावली दिली. व्यापाऱ्याची अडचण कोठे आहे, हे त्याला कळले होते.

त्याच लेण्यात त्याचा दुसरा लेख आहे. त्यात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, त्याने एकीकडे २,००० आणि दुसरीकडे १,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. सत्ताधारी घराण्यातील माणूस आपला पैसा नाशिकच्या विणकरांच्या हाती ठेवतो, यावरून कारागिरांच्या एकजुटीला त्या काळी केवढी पत होती, हे दिसते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे हिशेबात तो पुन्हा येणार आहे.

संजाणचा ताजिक अधिकारी

या घटनेनंतर सुमारे ८०० वर्षांनी त्याच किनाऱ्यावर तेच काम एका मुसलमान अधिकाऱ्याने केले. डहाणूजवळच्या चिंचणी गावी राष्ट्रकूट काळातील ताम्रपट सापडले. त्यांपैकी शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटात संयान मंडलाचा, म्हणजे संजाण प्रांताचा कारभारी म्हणून ‘मधुमती’ नावाच्या ताजिकाचा उल्लेख आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत वळण, असे अभ्यासक मानतात. राष्ट्रकूट राजांच्या वतीने तो हा प्रांत सांभाळीत होता. त्याने दोन प्रवाहांवर फुकट तर चालू केली आणि वाटसरूंसाठी भात, कालवण व तूप देणारे अन्नछत्र उघडले, असे ताम्रपट सांगतो. एका मठाला दिलेल्या दानाची नोंदही त्याच्या कारकिर्दीत होते. राजा एका धर्माचा, कारभारी दुसऱ्या धर्माचा, नावेत बसणारे सर्व धर्मांचे.

त्याच सुमारास, हिजरी ३०४ म्हणजे इ.स. ९१६ च्या आसपास, अरब प्रवासी अल-मसूदी चौलला आला होता. अरबी ग्रंथांत चौलला सैमूर म्हणतात. तेथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असून त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व तेथेच जन्मलेले लोक आहेत, असे त्याने लिहून ठेवले. त्यांचे तंटे सोडवण्यासाठी ‘हुनरमन’ हे पद होते. आज सागरी महामार्ग ज्या चौलमधून जातो, ते हेच चौल.

पुढे दाभोळ वर आले. १४५३ मध्ये इराणातील गिलानचा महमूद गवान दाभोळ बंदरात उतरला, तो व्यापारी म्हणून, आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. राजापुरात १६४९ मध्ये इंग्रजांनी वखार घातली. यांपैकी प्रत्येक बंदर आपापल्या काळी भरभराटीला होते आणि प्रत्येक बंदर पुढे मागे पडले. कोठे खाडी गाळाने भरली, कोठे सत्ता बदलली, कोठे मालाने नवी वाट धरली. व्यापाऱ्याने यातून एवढेच घ्यावे की, पेठ कायमची नसते. वाट वळली की पेठही वळते.

आगबोट गेली, पूल यायचा राहिला

इंग्रजी अमलात आणि नंतरही कोकणचा खरा महामार्ग समुद्रच होता. मुंबईच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी किनाऱ्यावरील बंदरे घेत गोव्यापर्यंत जात. त्यात धोकाही होता. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. आपला सागरी महामार्ग ज्या रेवसपासून सुरू होतो, तेथल्या उतारावर एवढी किंमत मोजली गेली आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोकणची प्रवासी आगबोट वाहतूक बंद पडली. बंदरगावांचा मुंबईशी असलेला जुना संबंध तुटला आणि रस्त्याची गरज अधिकच वाढली.

किनाऱ्याला लागून रस्ता व खाड्यांवर पूल ही कल्पना पुढे नेण्यात बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे नाव अग्रभागी आहे. ते सावित्रीकाठच्या आंबेत गावचे. जून १९८० ते जानेवारी १९८२ या काळात ते राज्याचे मुख्यमंत्री होते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी त्यांच्याच कारकिर्दीत झाला. रायगड व रत्नागिरी जोडणारा आंबेत-म्हाप्रळ पूल त्यांच्या प्रयत्नाने झाला. रेवस-करंजा पुलाची योजनाही १९८० पासूनची. तो पूल मात्र लांबतच गेला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा समुद्रावरील अटल सेतू खुला झाला, तेव्हाही रेवस-करंजा पूल उभा नव्हता.

दरम्यान काही दुवे जुळले. रेवदंडा-साळाव पूल झाला, रत्नागिरीच्या उत्तरेस आरे-वारेकडचा किनारी रस्ता झाला. बाणकोट खाडीवरील पुलाचे काम सुरू होऊन अर्ध्यावर थांबले आणि खांब तसेच खाडीत उभे राहिले. जेथे पूल नाही तेथे फेरीबोटीने वाट काढली. दाभोळ-धोपावे दरम्यान मोटारी नेणारी फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. पुढे बाणकोट, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी येथेही तशी सोय झाली. स्थानिक लोक हिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. उषवदाताच्या आणि मधुमतीच्या तरीचे हे आजचे रूप होय, फरक इतकाच की आज भाडे द्यावे लागते.

अलीकडे हा मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतला. रेवस-करंजा, रेवदंडा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, काळबादेवी आणि कुणकेश्वर अशा नऊ ठिकाणी मोठे पूल बांधण्याची ही योजना आहे. योजना मोठी आहे. परंतु १९८० पासूनचा अनुभव पाहता, व्यापाऱ्याने योजनेवर आनंद मानावा आणि धंदा मात्र उभ्या असलेल्या पुलावरच करावा.

हिशेब कसा मांडावा?

आता वहीकडे वळू. पुढील आकडे समजावून सांगण्यासाठी आम्ही मनाने धरले आहेत. आपण त्यांच्या जागी आपले खरे आकडे घालावेत.

समजा, मालेगावचा एक व्यापारी लुंगी व कपड्याची गाठोडी टेम्पोत घालून दापोलीला गेला. तेथे माल उतरवून त्याला गुहागर गाठायचे आहे. वाटा दोन. एक, दाभोळला फेरीबोट धरून धोपाव्याला उतरणे. दुसरी, खेड-चिपळूणवरून वळसा घालणे. वळशाचे जादा अंतर ११० किलोमीटर धरू. टेम्पो लिटरला १० किलोमीटर देतो, डिझेल ९० रुपये लिटर. म्हणजे ११ लिटर, ९९० रुपये. फेरीचे भाडे ४०० रुपये धरू. पाहता क्षणी फेरी ५९० रुपयांनी स्वस्त.

पण शेवटची बोट चुकली तर? ड्रायव्हरचा मुक्काम व जेवण ८०० रुपये आणि टेम्पोचा एक दिवस वाया, त्याचे २,५०० रुपये. एकूण ३,३०० रुपयांचा फटका. चार खेपांत एकदा जरी बोट चुकली, तरी खेपेमागे ८२५ रुपये वाढले. ४०० अधिक ८२५ म्हणजे १,२२५ रुपये. आता वळसाच स्वस्त ठरला.

याचा अर्थ फेरी वाईट असा नव्हे. फेरीचे खरे भाडे तिच्या पावतीवर नसते, आपल्या वेळापत्रकात असते. जो व्यापारी बोटीच्या वेळेप्रमाणे खेप आखील त्याला फेरी फायद्याची, जो मनाला येईल तेव्हा निघेल त्याला महाग.

दुसरा हिशेब परतीच्या मालाचा. एका खेपेचा जाण्यायेण्याचा सारा खर्च १४,००० रुपये आणि टेम्पोत ७० गाठोडी असतील, तर गाठोड्यामागे २०० रुपये पडले. परत येताना रिकामा टेम्पो आणण्याऐवजी ६,००० रुपये भाड्याचा माल भरला, तर खर्च ८,००० वर येतो आणि गाठोड्यामागे सुमारे ११४ रुपये पडतात. बाजारात भाव तोडण्याची ताकद येथून येते. किनाऱ्यावर परतीला माल कोणता? मार्च ते मे हापूस, श्रीवर्धनची रोठा सुपारी, नारळ, कोकम, वेंगुर्ल्याकडचा काजू, आणि सुकट-बोंबील-जवळा. यातील सुक्या मासळीला वेगळी गाडी किंवा पक्के आच्छादन हवे. कपड्याच्या गाडीला एकदा वास लागला की पुढची खेप गेली.

तिसरा हिशेब एकजुटीचा. एकट्या कारागिराला टेम्पो भरत नाही, आणि अर्ध्या भरलेल्या टेम्पोचे भाडे पुरे पडते. पण लुंगीवाला, भांडीवाला, तयार कपडेवाला आणि बेदाणेवाला असे चौघे मिळाले, तर खेप भरते आणि दुकानदारही एकाच गाडीतून चार जिन्नस मिळतात म्हणून वाट पाहतो. १९०० वर्षांपूर्वी गोवर्धनच्या विणकरांची पत श्रेणीमुळे होती, हे वर आले आहेच. आजच्या लहान कारागिराला किनाऱ्यावरचा बाजार धरायचा असेल, तर त्याच रीतीला पर्याय नाही. मात्र कोणाचे किती नग, कोणाचे किती भाडे, उधारी बुडाली तर कोणाची, माल भिजला तर नुकसान कोणी सोसायचे, हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून सह्या कराव्यात. भागीदारी तोंडी ठेवल्याने मोडते, लिहून ठेवल्याने टिकते.

पूल झाल्यानंतर

पुढील काळात एकेक पूल होईल तसा या बाजाराचा चेहरा बदलेल. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्याने नाशिक जिल्ह्यातून भिवंडीपर्यंत उतरण्याची वाट आधीच सुकर झाली आहे. म्हणून तीन गोष्टी आजच ध्यानात घ्याव्यात.

पहिली, पूल दोन्ही बाजूंनी उघडा असतो. आपला माल जितक्या सहज पलीकडे जाईल, तितक्याच सहज दुसऱ्याचाही येईल. आज खाडीमुळे जो दुकानदार एकाच घाऊक व्यापाऱ्याशी बांधलेला आहे, तो उद्या तिघांचे भाव विचारील. तेव्हा त्याच्याशी व्यवहाराचा विश्वास पूल होण्यापूर्वी जोडलेला बरा.

दुसरी, जेटीजवळचा धंदा हा थांबण्याचा धंदा आहे. बोटीची वाट पाहणारी गाडी चहा घेते, पंक्चर काढते, किरकोळ खरेदी करते. पूल झाला की गाडी थांबत नाही. जेटीच्या तोंडाशी गाळा किंवा गॅरेज घेणाऱ्या आपल्या मिस्त्री बांधवांनी हे लक्षात घेऊन करार थोड्या मुदतीचा करावा.

तिसरी, पुलाच्या बातमीवर जमीन घेऊ नये. दलाल नकाशा दाखवतो, त्यावर पूल रेघेने काढलेला असतो. रेवस-करंजाची रेघही १९८० मध्ये काढली होती. ज्याने त्या भरवशावर तेव्हा भांडवल अडकवले असेल, त्याच्या नातवंडांचीही लग्ने होण्याची वेळ आली.

अभ्यास

पाठ वाचून संपत नाही, म्हणून पुढील कामे करून पाहावीत.

१) तीन जिल्ह्यांचा नकाशा घेऊन रेवसपासून रेड्डीपर्यंत प्रत्येक खाडीवर खूण करावी. पूल असेल तेथे पूर्ण रेघ, फेरीबोट असेल तेथे तुटक रेघ, काहीच नसेल तेथे फुली.

२) आपला माल जाऊ शकेल अशी किनाऱ्यावरील पाच गावे निवडावी आणि प्रत्येक गावापुढे आतल्या महामार्गावरून तेथे उतरण्याचे जवळचे ठिकाण लिहावे. लांब अंतर आतल्या महामार्गाने तोडावे आणि शेवटच्या टप्प्यालाच किनारी रस्ता धरावा, हे बहुतेक वेळा किफायतीचे ठरते.

३) निघण्यापूर्वी चार चौकशा कराव्या : पहिली व शेवटची बोट किती वाजता, आपली गाडी मालासह बोटीवर घेतात का, पावसाळ्यात फेरी चालू राहते का, आणि वाटेतील जुन्या पुलावर जड वाहनांना बंदी आहे का. आंबेत पुलावरही दुरुस्तीच्या काळात जड वाहने बंद ठेवण्याची वेळ आली होती.

४) एका खेपेचा परतीच्या मालासह आणि परतीच्या मालाशिवाय असा दोन्ही प्रकारे हिशेब मांडावा. दोन्ही आकडे शेजारी लिहावेत.

५) एकदा तरी पांडवलेण्यांची पायरी चढून दहावे लेणे पाहावे, मुलांनाही न्यावे. अक्षरे वाचता येणार नाहीत, पण आपल्या शहराचा समुद्राशी किती जुना व्यवहार आहे, हे त्यांना तेथे सांगता येईल.

मोठ्या पुलाचे काम सरकारचे आहे, ते त्याच्या गतीने होईल. वही, वेळापत्रक आणि चौघांची एकजूट ही आपल्या हातातील तर आहे. ती आजपासून चालू करता येते.